माळावरची शक्ती : उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर



दरवर्षी या पत्रिकेत आम्ही एका थोर व्यक्तीचे चरित्र देत असतो. या वेळी कोणाचे द्यावे याचा विचार करताना आम्हाला तिरल्याच्या शिबिराची ती संध्याकाळ आठवली. त्या शिबिरात असलेले विद्यार्थी आता मोठे होऊन आपापल्या कामाला लागले आहेत. पण तेव्हा शिकलेला धडा आम्ही विसरलो नाही, आणि त्या धड्यातूनच आजचे चरित्र निघाले आहे.

डिसेंबर २००४ मध्ये आमच्या विद्यार्थ्यांचे शिबिर धारजवळ तिरला येथे एका शेतात भरले होते. गावात वीज होती, पण शेतापर्यंत तार पोहोचलेली नव्हती. शेताच्या मालकाकडे पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. एरवी ते विहिरीवर पाणी ओढण्यासाठी चाले. लग्नसराईत त्यालाच वीज निर्माण करणारे यंत्र जोडून ते भाड्याने देत. आपल्याकडे बरातीत डोक्यावर दिव्यांची झाडे घेऊन माणसे चालतात आणि मागून गाडीवर धडधडत जनरेटर येतो, तसलीच ही व्यवस्था. समारोपाच्या कार्यक्रमासाठी आम्ही तीन हॅलोजन दिवे लावले आणि ध्वनिक्षेपक जोडला. पाहुणे आले, प्रार्थना सुरू झाली. तेवढ्यात जेवणाच्या पंगतीसाठी पाणी हवे म्हणून कोणीतरी अर्ध्या अश्वशक्तीच्या छोट्या पंपाचे बटण दाबले. इंजिन घरघरले, दिवे लाल झाले आणि सर्वत्र अंधार पसरला. आम्ही पुन्हा इंजिन सुरू केले, पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी तर आम्ही हातच टेकले. मुले अंधारात बसलेली आणि पाहुणे घड्याळ पाहत असलेले!

शेतमालक काका शांतपणे उठले. त्यांनी सगळी बटणे बंद केली, इंजिनाला हँडल मारले आणि ते स्थिर झाल्यावर सर्वांत आधी पंप लावला. पंप नीट फिरू लागल्यावर एक दिवा, मग दुसरा, मग तिसरा आणि शेवटी ध्वनिक्षेपक. तीच यंत्रे आणि तेच इंजिन, पण आता सर्व काही व्यवस्थित चालले. त्यांनी आम्हाला एवढेच समजावले की मोटारीला उठताना जास्त जोर लागतो, म्हणून तिला आधी उठू द्यावे.

विज्ञानाचे पदवीधर असून आम्हाला हे सुचले नव्हते. चूक आमचीच होती, इंजिनाची नव्हे. रात्री मुलांनी टॉर्चच्या उजेडात इंजिनावरची पाटी वाचली. तिच्यावर किर्लोस्कर असे लिहिले होते. एका मुलीने विचारले की हे गावाचे नाव आहे की माणसाचे? तेव्हा थोडक्यात उत्तर दिले होते. पूर्ण उत्तर आज देत आहोत.

बालपण आणि रंगांधळेपणा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे जाणकार होते. घरात विद्येची परंपरा होती, पण लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकात फारसे रमत नसे. त्याला दोन गोष्टींची आवड होती, चित्रे काढण्याची आणि यंत्रे खोलून पाहण्याची. अशी मुले प्रत्येक शाळेत असतात आणि शिक्षक म्हणून आम्ही त्यांच्यावर बरेचदा रागावतो, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो.

१८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार होण्याचे स्वप्न होते. दोन वर्षांनंतर असे लक्षात आले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. ते अंशतः रंगांध होते. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता असेल? परंतु रेषा काढण्यासाठी रंग लागत नाहीत. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यंत्रांच्या आराखड्याची रेखाकृती शिकून घेतली. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते याच विषयाचे शिक्षक झाले. तेथील कार्यशाळेत ते रिकाम्या वेळी यंत्रे हाताळत, मोडलेली दुरुस्त करीत आणि परदेशी नियतकालिकांतून नव्या यंत्रांची माहिती मिळवीत.

याच काळात १८८८ मध्ये त्यांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावला सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकत व लोकांना चालवायला शिकवीत. किर्लोस्कर बंधू ही पेढी तेथूनच सुरू झाली. पुढे नोकरीत त्यांच्या हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

वारा, बैल आणि लोखंडी नांगर

बेळगावात दोघा बंधूंनी परदेशी पवनचक्क्यांची एजन्सीही घेतली होती. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वारा उघड्या माळावर फुकट वाहतो. त्याला पंख्यात अडवले की विहिरीचे पाणी वर येते, बैल नको की कोळसा नको. कामाला लागणारी शक्ती कामाच्या जागेवरच कशी मिळेल, हा प्रश्न त्यांच्यासमोर तेव्हापासून होता असे म्हणता येईल.

व्यापारावर त्यांचे समाधान झाले नाही. स्वतः काही बनवावे या ओढीने त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. त्यानंतर लोखंडी नांगर. त्या काळी शेतकरी लाकडी नांगर वापरीत. लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी अनेकांची समजूत होती. त्यामुळे नांगर तयार झाले, पण घेणारा मिळेना. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. तेवढ्या काळात लक्ष्मणरावांनी लोकांना दोष दिला नाही. शेतकऱ्यांसमोर नांगर चालवून दाखवला, त्यांनी काढलेल्या उणिवा ऐकल्या आणि त्या दूर केल्या.

नांगर विकले जाऊ लागले तोच दुसरे संकट आले. कारखान्याची जागा शहराच्या नव्या वस्तीसाठी हवी होती आणि ती रिकामी करण्याचा हुकूम निघाला. यंत्रे होती, कामगार होते, पण पाय ठेवायला जमीन नव्हती.

किर्लोस्करवाडी

अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. ते स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांना चांगले ओळखत होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. आपण धार व देवास या जुन्या संस्थानांच्या मुलखात राहणारी मंडळी आहोत. राजाश्रय म्हटले की आपल्याला वाडे, मंदिरे आणि गाणेबजावणे आठवते. एका छोट्या संस्थानिकाने कारखान्यालाही असा आश्रय दिला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जमीन मिळाली खरी, पण ती कशी होती? निवडुंगाने भरलेला उजाड माळ, सापांचा सुळसुळाट, पाणी दूर. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव काही कामगार व त्यांच्या कुटुंबांसह तेथे उतरले. आज आपण नवा कारखाना म्हटले की आधी विजेच्या कनेक्शनचा अर्ज करतो. त्या माळावर असा अर्ज करण्याचीच सोय नव्हती. पाणी, निवारा, रस्ता आणि यंत्रे फिरवणारी शक्ती, सर्व काही जागेवरच उभे करायचे होते. ते त्यांनी केले. त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली आणि स्टेशनचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यात आहे.

लक्ष्मणरावांची माणसे निवडण्याची रीत निराळी होती. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे त्यांचे सुरुवातीचे सहकारी होते. मोठ्या पदव्या यांच्यापाशी नव्हत्या. शिक्षण अर्धवट सुटलेले फळणीकर पुढे तेथे यंत्रांचे आराखडे तयार करू लागले. तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी राखणदारीचे काम दिले, आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यता पाळण्यास किर्लोस्करवाडीत बंदी होती. पालकांनी हा भाग मुलांना अवश्य वाचून दाखवावा. गुणपत्रिकेत कमी गुण दिसले की आपण किती घाईने निर्णय देतो!

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले, त्यामुळे मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळणे कठीण झाले. त्यातूनही मार्ग काढत कारखाना वाढला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्कर खबर सुरू केले. ते मूळ कारखान्याचे बातमीपत्र होते, पुढे ते किर्लोस्कर मासिक झाले. आमचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आम्ही घरात, आजीजवळ बसून शिकलो, आणि त्यात या मासिकाच्या जुन्या अंकांचा मोठा वाटा होता. एका कारखान्याच्या बातमीपत्राने माळव्यातील मुलाला त्याची भाषा दिली. शाळेची ही छोटी पत्रिका काढताना आम्हाला त्याची आठवण होते.

पंप, इंजिन आणि वीज

नांगर, उसाचे चरक यांच्यानंतर किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पण पंप फिरवणार कोण? तार नसलेल्या विहिरीवर त्याला इंजिनच हवे. जर्मनीचे रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले होते. त्यात ठिणगीची गरज नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत तेल फवारताच ते पेटते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते हे मुलांनी अनुभवले असेल, तत्त्व तेच आहे. लहान कारागिरालाही स्वतःची शक्ती मिळावी अशी डिझेल यांची इच्छा होती. ती आपल्याकडे शेतकऱ्यांच्या विहिरीवर पूर्ण झाली.

१९४६ मध्ये किर्लोस्कर परिवाराने दोन नवे उद्योग सुरू केले, पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या यंत्रांचा. तेव्हा लक्ष्मणराव ७७ वर्षांचे होते आणि कामाची धुरा शंतनुराव व पुढच्या पिढीकडे आली होती. जनरेटरचा शोध लक्ष्मणरावांनी लावला असे कोणी समजू नये. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे फिरवले की वीज निर्माण होते हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्येच दाखवले होते. लक्ष्मणरावांनी जी गोष्ट केली ती अशी की, यंत्र आपल्या मातीत, आपल्या माणसांच्या हातून बनू शकते आणि आडगावचा शेतकरी ते चालवू शकतो, हा विश्वास त्यांनी निर्माण केला. इंजिन आणि वीजयंत्र एका गाड्यावर बसवून शेतात वीज नेणे त्या विश्वासामुळे सोपे झाले.

आता तिरल्याच्या प्रसंगाचे गणित पाहू. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. वाटेत काही नुकसान होते, म्हणून हाती सुमारे तीन किलोवॅट म्हणजे ३००० वॅट वीज येते. आमचे तीन दिवे प्रत्येकी ५०० वॅटचे, म्हणजे १५००. ध्वनिक्षेपकाचे ५०० धरले तर २००० झाले. छोटा पंप चालताना ६०० वॅटच्या आसपास घेतो. एकूण २६००, म्हणजे हिशेब बसतो. आम्ही एवढेच गणित केले होते. परंतु मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाचसहा पट विद्युतप्रवाह ओढते. म्हणजे पंपाची मागणी त्या क्षणी ३००० च्या घरात गेली, आणि २००० आधीच खर्च होत होते. इंजिन बसणारच! आधी पंप सुरू केला तेव्हा पूर्ण ताकद त्याच्या वाट्याला आली आणि नंतर दिव्यांनाही पुरली.

दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गणित. आपल्या देशात विजेची आवर्तने सेकंदाला ५० असतात. चार ध्रुवांच्या यंत्रास त्यासाठी मिनिटाला १५०० फेरे घ्यावे लागतात. इंजिन मंद गतीचे असेल तर मोठ्या चाकावरून लहान चाकावर पट्टा घालून गती वाढवतात. कोणत्या चाकाचा व्यास किती हवा, हे मुलांनी स्वतः काढून पाहावे.

पालकांसाठी काही सूचना येथेच देतो. जनरेटर बंद खोलीत किंवा व्हरांड्यात कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपेतच जीव घेतो. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा असेल तर चेंजओव्हर स्विच बसवलाच पाहिजे, नाहीतर आपली वीज उलटी लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा प्राण जाऊ शकतो. अर्थिंग चुकवू नये. डिझेल भरताना इंजिन बंद असावे. हँडल मारणाऱ्याने ढिले कपडे घालू नयेत आणि लहान मुलांना तर जवळ येऊच देऊ नये.

अखेरची परीक्षा

लक्ष्मणरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग उतारवयात आला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली आणि फार मोठे नुकसान झाले. निवडुंग उपटून ज्या माळावर ३८ वर्षे घाम गाळला, तेथेच राख झालेली पाहणे ७८ वर्षांच्या माणसाला कसे वाटले असेल याची कल्पनाच केलेली बरी. परंतु कारखाना पुन्हा उभा राहिला. १९१० साली हातात जे होते त्यापेक्षा या वेळी अधिक होते, कारण काम जाणणारी माणसे होती.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. आपल्या शेजारी देवास येथे किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे. देवासहून जाताना मुलांनी त्या फाटकाकडे पाहावे आणि निवडुंगाचा तो माळ आठवावा.

काळ बदलतो आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने पीएम-कुसुम योजना सुरू केली आणि शेतात सौर पंप बसवण्यास चालना मिळाली. त्यांना डिझेल लागत नाही, धूर नाही, धडधड नाही. पण नियम तोच आहे. शक्ती किती आहे आणि काम किती आहे याचा हिशेब आधी करावा लागतो, आणि जड काम आधी उचलावे लागते.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षा जवळ आल्या की संध्याकाळी दिवे गेल्यावर तुम्हापैकी काही जण पुस्तक मिटून निश्चिंत होता, हे आम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वेळी लक्ष्मणरावांची आठवण करा. रंग दिसेनात तेव्हा त्यांनी रेषा धरली, जागा गेली तेव्हा माळ धरला. तुम्ही निदान कंदील तरी पेटवा.

या वर्षीच्या शिबिरात प्रत्येक गटाने आपल्या दिव्यांचा, ध्वनिक्षेपकाचा आणि पंपाचा हिशेब कागदावर मांडून आणायचा आहे. तो आम्ही स्वतः तपासू. कोणते बटण आधी दाबायचे, हेही त्यात लिहिलेले असावे.

— प्राचार्य